एस साईजच्या दोन सायकली: नाशिकमधल्या एका खरेदीचं प्रकरण

जानेवारीतली सकाळ होती. मुंबई–आग्रा महामार्गावर चांदवडच्या अलीकडे एका रसवंतीसमोर वहिनींनी सायकल उभी केली, हेल्मेट काढलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, आता नाही. मान वर होत नाहीये." नाशिकहून निघून पासष्टएक किलोमीटर झाले होते. नाशिक–मालेगाव–नाशिक अशी ती २०० किलोमीटरची बीआरएम होती, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड. वेळ साडेतेरा तासांची. दम शिल्लक होता, पायही शिल्लक होते. पण उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तासाभरापासून बधिर झालं होतं, आणि समोरचं वाहन बघायला मान उचलली की खांद्यातून कळ जात होती.

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय, कारण चूक सायकल चालवताना झाली नव्हती, ती घेतानाच झाली होती. आणि त्या वेळी मी शेजारी उभा होतो.

वहिनी ४४ वर्षांच्या, शाळेत शिक्षिका, उंची १५८ सेंटीमीटर. दोन वर्षं त्या सरळ हँडलची हायब्रिड सायकल चालवत होत्या. दर रविवारी त्र्यंबकेश्वरला जाऊन परत, म्हणजे साठेक किलोमीटर, कधी गंगापूर धरणाची फेरी. त्या सायकलवर त्यांना कधी मान दुखली नव्हती. मग बीआरएम करायचं मनात आलं आणि रोड बाईक, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची वेगाची सायकल, घ्यायची ठरली. दसऱ्याचा मुहूर्त धरला. दुकानात सीझनअखेरची सूट होती, ६५ हजारांची सायकल ५२ हजारांत. फ्रेमवर 'एस' लिहिलेलं. भिंतीवरच्या तक्त्यात एस म्हणजे १५७ ते १६७ सेंटीमीटर. दुकानदाराने सीट खाली केली, वहिनींना बसवलं, दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागले. "ताई, पाय टेकतायत ना? मग साईज बरोबर आहे." मी गिअर बघितले, ब्रेक दाबून बघितले, वजन उचलून बघितलं. हँडलला झेंडूची माळ घालून सायकल घरी आली.

'पाय टेकतात का' ही आपल्याकडची सायकल तपासायची सर्वांत जुनी रीत. शाळेच्या सायकलीपासून ती डोक्यात बसलेली असते आणि रोड बाईकच्या बाबतीत ती सपशेल चुकते. रोड बाईकवर सीट इतकी उंच हवी की पेडल सर्वांत खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला राहील. त्या उंचीवर बसल्या बसल्या पाय जमिनीवर सपाट टेकूच शकत नाहीत. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं असतं. पाय टेकावेत म्हणून सीट खाली आणली की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला त्रास सुरू होतो. वहिनींना तो तिसऱ्याच आठवड्यात झाला.

तेव्हा मी सीट पाच सेंटीमीटर वर केली. गुडघा सुधारला, पण त्याबरोबर जे झालं ते मला तेव्हा कळलं नाही. सीट वर गेली की ती तिरक्या नळीतून थोडी मागेही जाते, म्हणजे हँडल आणखी लांब आणि बसण्याच्या मानाने आणखी खाली. अंगाचा भार तळहातांवर आला. "हात पुरत नाहीत," असं वहिनी म्हणाल्या म्हणून दुकानदाराने सीट रुळांवर पार पुढे सरकवून दिली. दोन दिवस बरं वाटलं. नंतर हात जास्तच दुखायला लागले.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. सीटची पुढची-मागची जागा पेडलच्या हिशोबाने ठरते, हँडलच्या नाही. माणूस पुढे वाकतो तेव्हा त्याचं ढुंगण मागे असेल तर तोल पायांवर सांभाळला जातो. आपण जमिनीवरून काही उचलायला वाकतो तेव्हा कंबर आपोआप मागे जाते, तेच. भिंतीला पाठ आणि टाचा लावून वाकून बघा, तोंडावर पडाल. सीट पुढे आणून हँडल जवळ करणं म्हणजे वहिनींना त्या भिंतीला टेकवून वाकायला लावणं होतं. सगळा तोल हातांनी धरायचा. करंगळीकडच्या बाजूने तळहातात उतरणारी नस हँडलवर तासन्‌तास दबली की करंगळी आणि अनामिका बधिर होतात. वहिनींची तीच दोन बोटं होती. बीआरएमनंतर चार दिवस फळ्यावर लिहिताना खडू नीट धरता येत नव्हता.

फेब्रुवारीत आम्ही आणखी एक प्रयत्न केला. हँडल फ्रेमला धरून ठेवणारा स्टेम १०० मिलिमीटरचा होता, तो काढून ७० चा लावला. हँडल ३० मिलिमीटर जवळ आलं खरं, पण ते आधीच्यापेक्षा चपळ झालं आणि कसारा घाटाच्या उतारावर वहिनींना धडधडायला लागलं. उंचीचा प्रश्न तसाच राहिला. स्टेमखाली गोल कड्या, म्हणजे स्पेसर, घालून हँडल वर घ्यायचं म्हटलं, तर फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची, वर येणारी नळी दुकानात आधीच कापलेली निघाली. कापलेली नळी पुन्हा वाढत नाही. शिवाय हँडल ४२ सेंटीमीटर रुंद होतं आणि वहिनींचे खांदे ३७ चे. ते बदलायचं तर हँडल, टेप, केबलचं काम असा पुन्हा खर्च, आणि तो करूनही पुढची बाजू खालीच राहणार. एप्रिलमध्ये सायकल विकायची ठरली.

विकण्याआधी मी एक काम केलं, जे दसऱ्याआधी करायला हवं होतं. कंपनीच्या साईटवरून त्या फ्रेमची मापं उतरवून घेतली.

रोड बाईकच्या मापांच्या तक्त्यात पंधरा-वीस आकडे असतात. त्यातले दोन आधी बघावेत. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, ज्या ठिकाणी फ्रेममध्ये फिरतो तो मध्यबिंदू धरायचा. तिथून हँडलखालच्या नळीच्या वरच्या तोंडापर्यंत सरळ वर किती, हा स्टॅक. आणि त्याच बिंदूपासून आडवं पुढे किती, हा रीच. सीट वरखाली करता येते, मागेपुढे करता येते, पण हे दोन आकडे कारखान्यातच ठरून येतात. पूर्वी साईज सीटखालच्या नळीच्या लांबीवरून सांगत. वरची नळी आडवी असायची तेव्हा त्याला अर्थ होता. आता ती उतरती असते, त्यामुळे सीटखालची नळी आखूड दिसली म्हणून सायकल आखूड असेलच असं नाही. आणि एस, एम ही अक्षरं तर प्रत्येक कंपनीची स्वतःची. तयार ब्लाउजच्या साईजवर जितका विश्वास ठेवतो तितकाच त्यांच्यावर ठेवावा.

वहिनींच्या सायकलचा रीच होता ३८४ मिलिमीटर आणि स्टॅक ५२०. लांब आणि खाली, म्हणजे शर्यतीच्या बैठकीची फ्रेम. तिच्यात वाईट काही नव्हतं. ती आमच्या वहिनींसाठी नव्हती, एवढंच.

मग आम्ही मोजमापापासून सुरुवात केली. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मधे, सीटवर बसल्यासारखं घट्ट वर दाबून धरायचं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेला पेन्सिलने खूण करायची. वहिनींनी शाळेचं जुनं हजेरीचं रजिस्टर वापरलं, खूण पुतण्याने केली. तीनदा मोजलं: ७२.५, ७३, ७३. पायाच्या आतल्या बाजूची लांबी ७३ सेंटीमीटर धरली.

यावरून सीटची उंची काढायची दोन प्रसिद्ध सूत्रं आहेत. अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र या लांबीला ०.८८३ ने गुणतं आणि क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची देतं: ६४.५ सेंटीमीटर. दुसरं हॅम्ली आणि थॉमस यांचं, १९६७ सालचं. ते १०९ टक्के घेतं, पण पेडलच्या आसापासून मोजतं. १६५ मिलिमीटरचा क्रँक वजा केला की उरतात ६३.१. म्हणजे एकाच बाईच्या एकाच पायासाठी दोन सूत्रांत जवळजवळ दीड सेंटीमीटरचा फरक. सूत्र फक्त सुरुवात कुठून करायची ते सांगतं. खालच्या आकड्यापासून सुरू करावं, चालवून बघावं, दोन-तीन मिलिमीटरने वर जावं. कमरेचा भाग सीटवर डावा-उजवा हलायला लागला की जास्त वर गेलो. वहिनी शेवटी ६३.५ वर स्थिरावल्या. एडी मर्क्ससारखा जगज्जेता सायकलपटू १९६९ च्या फ्रान्समधल्या ब्लवाच्या अपघातानंतर पुढची सगळी कारकीर्द सीटची उंची बदलत राहिला, हे वाचल्यावर वहिनींना आपण उगाच कुरकुर करतोय ही भावना सोडता आली. तो धीर त्यांना हवा होता.

सीटची रुंदी घरीच कळली. पन्हाळीच्या पुठ्ठ्याचा तुकडा कडक पायरीवर ठेवून त्यावर थोडं पुढे झुकून बसायचं, दोन हाडांचे दोन खळगे उमटतात, त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजायचं. त्यांचं १२.५ सेंटीमीटर भरलं. त्यात दोन-अडीच सेंटीमीटर मिळवून १५० मिलिमीटरच्या आसपासची सीट बघायची ठरली. आधीच्या सायकलवरची १३० ची होती. त्याबद्दल त्या इतके महिने एक शब्द बोलल्या नव्हत्या. हे त्रास बायका सांगत नाहीत आणि दुकानात कोणी विचारत नाही. विचारायला हवं.

जून महिन्यात एका रविवारी आम्ही पुण्याला एका फिटरकडे, म्हणजे सायकल अंगाच्या मापाने बसवून देणाऱ्याकडे, गेलो. बहुतेक लोक सायकल घेतल्यावर फिटिंग करून घेतात. आम्ही आधी केलं, आणि दोन्ही सायकलींच्या खर्चात सर्वांत सत्कारणी लागलेले पैसे तेच. त्याच्याकडे एका जागी उभी सायकल होती, जिच्या सीट आणि हँडलची जागा हवी तशी सरकवता येते. वहिनी पाऊण तास पेडल मारत होत्या आणि तो हँडल पाच-पाच मिलिमीटर हलवत होता. मधूनच तो म्हणायचा, "आता हात हँडलवरून नखभर उचला." पुढे कोसळल्यासारखं झालं की तो सीट मागे घ्यायचा. मग म्हणाला, "ताई, ब्रेकच्या वर हात ठेवून बोटं हार्मोनियम वाजवल्यासारखी हलवा." बोटं मोकळी हलली, कोपर किंचित वाकलेलं राहिलं, तिथे त्याने मापं घेतली. मग जुन्या सायकलचे आकडे बघितले आणि विचारलं, "यावर ६५ किलोमीटर गेलात?" वहिनींच्या चेहऱ्यावर आलेली सुटका मला अजून आठवते. इतके महिने त्या स्वतःच्या वयाला आणि ताकदीला दोष देत होत्या.

आता मापांवरून सायकली शोधायच्या होत्या. तीन निवडल्या.

पहिली 'बायकांसाठी' म्हणून विकली जाणारी. तक्ता उघडून बघितला तर फ्रेम त्याच कंपनीच्या दुसऱ्या सायकलचीच, मिलिमीटरचाही फरक नाही. रंग आणि सीट वेगळी. ती लगेच बाद केली.

दुसरी कार्बनची, १ लाख ४० हजारांची, गर्द हिरवी. वहिनींना बघताक्षणी आवडली. दादा म्हणाला, "एकदा मन मारलंय, आता पैशाकडे बघू नका." रीच ३७८, स्टॅक ५१८.

तिसरी ॲल्युमिनियमची, कार्बन फोर्क, शिमानो सोराचे ९ गिअर, ७८ हजार. लांब पल्ल्याच्या बैठकीची. रीच ३६५, स्टॅक ५३५. फ्रेमवर अक्षर 'एस'.

दुकानात पाच मिनिटं फिरून काही कळत नाही. पाच मिनिटांत कुठलीही नवी सायकल छानच वाटते. आम्ही आधी फोन करून सकाळची गिऱ्हाईक नसलेली वेळ मागितली, स्वतःचे बूट आणि सायकलिंगची शॉर्ट नेली, फिटरने दिलेली सीटची उंची लावून घेतली आणि प्रत्येकीवर वीस मिनिटं मागितली. असं मागायला संकोच वाटतो, पण समजूतदार दुकानदार देतो. हिरवी सायकल पहिली दहा मिनिटं उडत होती. बाराव्या मिनिटाला मी मागून बघितलं, वहिनींची कोपरं सरळ ताठ झाली होती आणि खांदे कानांकडे चढले होते. त्यांना स्वतःला ते कळलं नव्हतं. मी मोबाईलवर बाजूने व्हिडिओ काढला होता. तो त्यांनी दोनदा बघितला, हिरव्या फ्रेमवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "नको."

तिसरीवर त्या वीस मिनिटांऐवजी चाळीस मिनिटं फिरल्या. एक दोष निघाला. यू-टर्न घेताना पुढे आलेल्या बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासलं. लहान फ्रेमला मोठं, ७०० चं चाक लावलं की हे बरेचदा होतं. वेगात हँडल इतकं वळतच नाही, म्हणून धोका फक्त हळू वळताना. क्रँक १६५ चा होता, १७० चा असता तर बूट आणखी पाच मिलिमीटर पुढे आला असता. वहिनींनी शाळेच्या पटांगणात चार संध्याकाळी इंग्रजी आठचा आकडा काढून सवय केली. हा दोष आम्ही समजून-उमजून घेतला. दोन्ही खरेद्यांतला फरक मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

घेताना तीन बदल बिलातच करून घेतले. स्टेम ९० ऐवजी ८०, हँडल ३८ सेंटीमीटरचं, आणि सीट १५५ ची. सायकल घरी नेण्याआधी भाग बदलून मागितले तर दुकान बहुधा मूळचे परत घेतं आणि फरकाचेच पैसे लावतं. सायकल घरी गेल्यावर तेच काम पूर्ण किमतीचं होतं. ब्रेकच्या लिव्हरमधला छोटा स्क्रू फिरवून लिव्हर हँडलच्या जवळ आणली, कारण त्यांची बोटं आखूड आहेत आणि आधीच्या सायकलवर ब्रेक दाबायला त्या तळहात पुढे सरकवायच्या. घाट उतरताना वाटणाऱ्या भीतीचं निम्मं कारण तेच होतं. टायर २८ मिलिमीटर रुंदीचे होते, फ्रेममध्ये ३२ चे मावत होते. ते नंतर बदलले. आपल्या रस्त्यांवर ३२ ला पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे.

चौथी गोष्ट करू दिली नाही. मेकॅनिक फोर्कची नळी कापायला निघाला होता. तिच्यावर ३० मिलिमीटरचे स्पेसर चढवून ठेवायला सांगितलं.

नव्या सायकलवर हँडल किती जवळ आलं, याची बेरीज मी वहीत मांडली आहे. फ्रेमच्या रीचमध्ये १९ मिलिमीटरचा फरक, जुन्या सायकलच्या मूळ १०० च्या स्टेमशी २०. हँडलचा पुढे जाणारा बाक ८० च्या जागी ७०, म्हणजे १०. हँडलखालची नळी तिरकी असल्याने दर १० मिलिमीटर स्पेसरमागे हँडल सुमारे ३ मिलिमीटर मागेही येतं, म्हणजे ९. एकूण ५८, जवळजवळ सहा सेंटीमीटर. उंचीत पूर्वी हँडल सीटपेक्षा पाच सेंटीमीटर खाली होतं, आता जेमतेम एक. सीटची उंची दोन्हींवर तीच, ६३.५. दोन्हींवर अक्षर तेच. दुकानातली 'पाय टेकतात का' ही परीक्षा दोन्ही सायकलींनी सारखीच दिली असती.

ऑगस्टमध्ये सायकल आली, मुहूर्त बघितला नाही. पहिल्या महिन्यात फक्त एकदा सीट तीन मिलिमीटर मागे घेतली. एका वेळी एकच बदल करायचा आणि पुढच्या दोन राईड काही हलवायचं नाही, हा नियम पाळला. जुन्या सायकलवर आम्ही एकाच दिवशी तीन गोष्टी हलवायचो आणि कशाने काय झालं हे कधीच कळायचं नाही.

पुढच्या डिसेंबरात तोच रस्ता, तीच बीआरएम. राहुड घाटात परतीचा वारा समोरून होता. वहिनी १२ तास ४० मिनिटांत पोहोचल्या. दीडशे किलोमीटरनंतर उजवी करंगळी थोडी झिणझिणली, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. त्यावर अजून काम चालू आहे. बहुधा थकल्यावर त्या हात फार वेळ एकाच जागी ठेवतात.

जुनी सायकल ३३ हजारांना ओझरच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाने घेतली होती. उंची १६८, हात लांब, अंगात शर्यतीची हौस. त्याच बीआरएमला तो चांदवडला भेटला. त्या लांब, खाली फ्रेमवर तो असा पसरून बसला होता की ती त्याच्यासाठीच घडवल्यासारखी वाटत होती. वहिनींनी त्याला थांबवून सीटची उंची विचारली आणि दोघं रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं मिलिमीटरमध्ये बोलत राहिले.

परवा सर्व्हिसिंगला मेकॅनिकने स्टेमवर बोट ठेवून विचारलं, "वरची नळी आता कापू का, ताई? स्पेसर चांगले दिसत नाहीत."

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. "अजून पाच मिलिमीटर वर घेऊन बघायचंय."